इंका ट्रेल: ट्रेन दोन तासांत पोचवते, मग चार दिवस चालायचं कशाला?

पेरूतल्या माचू पिचूला, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणाऱ्या इंकांच्या डोंगरातल्या जुन्या ठिकाणाला, चालत गेले होते असं कोणालाही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, तिकडे ट्रेन नाहीये का? आहे ना. ओयांतायतांबो गावात ट्रेनमध्ये बसलं की साधारण दोन तासांत खालच्या आग्वास कालिएंतेस गावात उतरता, तिथून वळणावळणाची बस वर गेटपर्यंत सोडते, सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत फोटो काढून मोकळा. आणि याच रेल्वेलाइनवर किलोमीटर ८२ नावाचा एक थांबा आहे, म्हणजे कुस्को शहरापासून रुळाने ८२ किलोमीटर, बाकी अर्थ काही नाही. तिथे नदीवरचा झुलता पूल ओलांडला की इंकांनी बांधलेली ही वाट, इंका ट्रेल, सुरू. गंमत अशी की आग्वास कालिएंतेस ११० किलोमीटरवर आहे, म्हणजे रुळाने जेमतेम २८ किलोमीटर उरलेत, नदीच्या कडेकडेने आणि तेही उताराने, आणि आपण मात्र डावीकडे डोंगरात शिरून चार दिवसांत ४० किलोमीटरच्या वर चालतो आणि मध्ये ४,२१५ मीटरची खिंड चढतो.

मग इंकांनी हा उपद्व्याप का केला? मला तिथे जाईपर्यंत हा प्रश्न पडलाच नव्हता, दुसऱ्या दिवशी खिंड चढताना मात्र दर दहा पावलांनी पडत होता. एका वाक्यात उत्तर मिळत नाही, त्यासाठी वाट कशी आहे, उंचीचं काय होतं, मधले अवशेष कसले आहेत हे सगळंच थोडं समजून घ्यावं लागतं, म्हणून हा लांबलचक लेख.

आधी उंचीचं. आपण सह्याद्रीतली माणसं, आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहरच ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे विमानातून उतरून टॅक्सीत बॅग टाकेपर्यंत तुम्ही दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर पोचलेले असता. हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो ते तसं बरोबर नाही, प्रमाण तेच असतं, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. दाब कमी म्हणजे हवा विरळ, म्हणजे एका श्वासात आत जाणारा माल कमी, आणि ४,२०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे छाती तीच, श्वास तोच, पण दर श्वासाला चाळीस टक्के कापून पगार. शरीर काही तासांत श्वासाचा वेग वाढवून भागवायला बघतं, पुढच्या काही दिवसांत रक्तही बदलायला लागतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ दिला नाही की डोकं ठणकतं, मळमळतं, झोप येत नाही. फिटनेसचा याच्याशी फारसा संबंध नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात तगडा होता तो मॅरेथॉनवाला, कुस्कोत पहिल्याच रात्री तो बाथरूममध्ये बसून होता, आणि साठीच्या एक काकू मात्र कोकाच्या पानांचा चहा पीत निवांत.

त्यामुळे कुस्कोला पोचल्यावर दोन-तीन दिवस तरी नुसतं फिरा, हळू चाला, पाणी प्या, दारू नको. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरला निघायच्या आधी विचारा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तर विचाराच. आणि डोकेदुखी वाढतच चालली, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर उपाय एकच, खाली उतरणं. तिथे हट्ट करायचा नाही. (आणि हो, खुद्द माचू पिचू २,४३० मीटरवरच आहे, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. लोक माचू पिचूच्या उंचीला घाबरतात आणि कुस्कोत आजारी पडतात.)

दुसरी भानगड परमिटची. या वाटेवर एका दिवसाला ५०० माणसं सोडतात, पण त्या ५०० मध्ये गाइड, आचारी, पोर्टर सगळे आले, म्हणजे आपल्यासारखे ट्रेकर साधारण दोनशे. एकट्याने जाता येत नाही, लायसन्स असलेल्या कंपनीबरोबरच जावं लागतं, आणि परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं, दुसऱ्याच्या नावावर फिरवता येत नाही. मे ते ऑगस्टच्या तारखा कितीतरी महिने आधीच संपतात. आमच्यातल्या एकीने बुकिंगनंतर पासपोर्ट रिन्यू केला, नंबर बदलला, आणि ते कोणाला कळवायचं असतं हे तिच्या गावीच नाही. चेकपोस्टवरच्या माणसाने कागद बघितला, पासपोर्ट बघितला, परत कागद बघितला, आमच्या पोटात गोळा. नशिबाने जुना पासपोर्ट सॅकच्या तळाशी होता, तो दाखवल्यावर सुटलो, पण ती दहा मिनिटं खिंडीपेक्षा जड गेली. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी पूर्ण बंद असते, पाऊसही तेव्हा जोरात असतो, कारण तिकडे सगळं उलटं, आपला मे-जून म्हणजे त्यांचा कोरडा हिवाळा.

त्याच चेकपोस्टवर एक वजनकाटा असतो. पोर्टर एकेक करून आपला बोजा त्याला अडकवतात, नाक्यावरचा माणूस आकडा बघतो, मान हलवतो, पुढचा. मर्यादा २० किलो, त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलं. त्याच्याही खाली वजन आणायचं म्हणून कंपनीवाले आपल्याला सांगतात की तुमची बॅग स्लीपिंग बॅग धरून सातेक किलोच्या वर नको. हा नियम सहज आलेला नाही, नियम यायच्या आधी एकेक माणूस याच्या दुप्पट ओझं वाहायचा. मी बघत होते त्या वेळी काट्यावर एकाचं दीड किलो जास्त भरलं, तर त्याने गॅसची छोटी टाकी काढून शेजारच्याकडे दिली, दोघं केचुआ या तिथल्या भाषेत काहीतरी बोलून हसले, संपलं. मग हीच माणसं आपण धापा टाकत असताना बाजूने पळत पुढे जातात, आणि आपण पोचेपर्यंत तंबू उभे, गरम पाण्याची घमेली तयार, वर पॉपकॉर्न. गाइड त्यांना पोर्टर म्हणतच नाहीत, चास्की म्हणतात. चास्की म्हणजे इंकांचे पळत निरोप नेणारे हरकारे. ठरावीक अंतरावर चौकी, एक पळत येणार, तोंडी निरोप आणि गाठी मारलेला दोऱ्यांचा किपू दुसऱ्याच्या हातात देणार, तो पुढे पळणार, असं करत निरोप दिवसाला २०० किलोमीटरच्या पुढे जायचा. लिपी नाही, घोडा नाही, चाकाची गाडी नाही.

हे चाक नसणं डोक्यात ठेवा, कारण रस्ता तसा का आहे ते त्यानेच कळतं. गाडी चालवायची असेल तर रस्त्याला वळणं घालून चढ कमी करावा लागतो. इंकांकडे माल वाहायला माणूस आणि लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी, लामा पंचवीस-तीस किलो उचलतो आणि पायऱ्या आरामात चढतो, मग वळणं कशाला, सरळ पायऱ्या. म्हणून इंका ट्रेल म्हणजे हजारो दगडी पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, काही पाऊल जेमतेम मावेल एवढ्या. पायऱ्यांच्या बाजूने आणि खालून पाणी काढायला चर आहेत, दलदल आली तिथे दगडांचा बांध घालून त्यावरून फरसबंदी नेलीये, आणि एका ठिकाणी कडा आडवा आला तर चक्क बोगदा, आतही पायऱ्या. काही भागांची नंतर दुरुस्ती झालीये, पण बरंच काम मूळचं आहे आणि पाचशे वर्षांच्या पावसात टिकलंय. (आमच्या घराबाहेरचा डांबरी रस्ता एका पावसात जातो, तो विषय वेगळा.) आणि हा आपला ट्रेल म्हणजे एका प्रचंड जाळ्याचा छोटासा तुकडा. त्या जाळ्याचं नाव कापाक न्यान, आजच्या कोलंबियापासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत सहा देशांत पसरलेलं, ३०,००० किलोमीटरच्या वर, २०१४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. माचू पिचू १९८३ पासूनच आहे.

पहिला दिवस सोपा. निवडुंग, धूळ, ऊन, आणि एका वळणावर एकदम खाली कुसीचाका ओढ्याच्या काठी पातायाक्ता दिसतं, डोंगराला कमरपट्टे बांधल्यासारख्या शेतीच्या नागमोडी गच्च्या, वर घरांच्या भिंती. मक्याची शेती, माणसांची वस्ती, थोडक्यात पुढच्या सगळ्या ठाण्यांचं धान्यकोठार. १५३६ मध्ये मांको इंका हा राजा स्पॅनिश लोकांपासून माघार घेताना ही वसाहत जाळत गेला, मागून कोणी येऊ नये म्हणून, असं सांगतात. आणि खरोखरच स्पॅनिश लोक या वाटेने माचू पिचूपर्यंत पोचल्याचं कुठे दिसत नाही, म्हणून तर तिथली मंदिरं फोडली गेली नाहीत.

दुसरा दिवस वार्मिवान्युस्काचा. नावाचा अर्थ मेलेली बाई, लांबून डोंगराचा आकार उताणी पडलेल्या बाईसारखा दिसतो म्हणून, तिथे कोणी बाई मेली म्हणून नाही. तीन हजार मीटरवरून ४,२१५ वर, एका दमात. ग्रुप ट्रेकची खरी परीक्षा इथेच होते कारण ग्रुप इथे ग्रुप राहतच नाही. आपल्याकडे ट्रेकला लीड आणि बॅकलीड असतो आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं असतं, इकडे गाइडने उलटं सांगितलं, आज प्रत्येकाने आपापल्या श्वासाने चालायचं, कोणी कोणासाठी वेग वाढवायचा नाही आणि कमीही करायचा नाही, एक गाइड पुढे, एक सगळ्यात मागे, बास. कारण दुसऱ्याच्या वेगाने चालणं या उंचीवर सगळ्यात जास्त दमवतं. खिंड चांगली दोन तास समोर दिसत राहते आणि जवळ येत नाही. मी वीस पावलं आणि थांबा असा हिशोब धरला होता, शेवटी तो आठ पावलांवर आला. वर वारा एवढा की टोपी धरून बसावं लागलं. गाइडने कोकाची तीन पानं बोटांत पंख्यासारखी धरून डोंगरांकडे बघत फुंकर घातली आणि दगडाखाली ठेवली. अंदीजमध्ये मोठा डोंगर म्हणजे आपु, जिवंत, घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. मग लगेच ६०० मीटर उतार, गुडघ्यांची वाट, आणि मुक्काम पाकायमायोला ३,६०० मीटरवर.

त्या रात्री थंडीने झोप येईना म्हणून बाहेर आले तर समोर त्रिशंकू. आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिणेला क्षितिजाजवळ मोठ्या मुश्किलीने शोधावा लागतो तो तारकांचा क्रूस तिथे असा वर, भर आकाशात. आणि इंका लोक नुसत्या ताऱ्यांच्या आकृत्या बघायचे नाहीत, आकाशगंगेतल्या काळ्या ढगांच्याही बघायचे, तिथे एक काळी लामा आहे, अल्फा आणि बीटा सेंटॉरी हे तिचे डोळे. एकदा दाखवली की परत ती न दिसणं अशक्य. जेवणात बटाटा रोज होता आणि कोणाचीच तक्रार नव्हती, बटाट्याचं माहेरच हे, आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांच्याकडूनच घेतलं. त्यांच्याकडे त्याच्या इतक्या जाती की आचाऱ्याने चार दिवसांत एक परत केली नाही असं आम्हाला वाटत होतं.

तिसरा दिवस सगळ्यात लांब आणि मला विचाराल तर पूर्ण ट्रेक या एका दिवसासाठी करावा. आधी रुंकुराकाय, अर्धगोल भिंतींची छोटी वास्तू, बहुतेक प्रवाशांच्या मुक्कामाचं आणि पहारा द्यायचं ठिकाण, कारण तिथून खालची अख्खी दरी दिसते. मग दुसरी खिंड, आणि पलीकडे एका सुळक्याच्या टोकावर सायाकमार्का, तिन्ही बाजूंनी कडा, वर जायला एकच अरुंद जिना. इथून निसर्गही बदलतो, कोरडं गवत जाऊन ढगांचं जंगल सुरू होतं, शेवाळ, बांबू, ऑर्किड, सतत ओलावा, कारण अमेझॉनकडून येणारी दमट हवा या डोंगरांना आपटून वर चढते आणि थंड होते. आपल्या घाटमाथ्याचं गणितच, फक्त कितीतरी जास्त उंचीवर. मग फुयुपातामार्का, ३,६०० मीटरच्या वर, अर्थ ढगांच्या वरचं गाव, आणि तिथे ओळीने दगडी कुंडं, एकातून दुसऱ्यात पाणी पडत जाणारी, अजून वाहती.

इथे आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिलं उत्तर व्यावहारिक आहे, उरुबांबा नदी या पट्ट्यात ग्रॅनाइटच्या उभ्या घळीतून जाते, पावसाळ्यात तिला काठच उरत नाही. नदीच्या बाजूने खेचरांचा रस्ता झाला तोच मुळी १८९० च्या दशकात, कडे सुरुंगाने फोडून. १९११ च्या जुलैत हायरम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक माचू पिचूला पोचला तो त्याच नव्या रस्त्याने, म्हणजे त्याचं नशीब त्या सुरुंगांनी उघडलं. (शोध लावला वगैरे म्हणतात पण वर तेव्हा शेतकरी कुटुंबं राहत होती, मका पिकवत होती, त्यांच्यातलाच एक लहान मुलगा त्याला अवशेष दाखवत फिरला.) ट्रेलचा काही भाग तो १९१५ मध्ये परत आला तेव्हा चालला.

पण एवढ्याने भागत नाही. कारण खाली नदीजवळही इंकांची ठाणी आहेत, किलोमीटर १०४ जवळचं चाचाबांबा अगदी पाण्याच्या शेजारी आहे. म्हणजे खाली त्यांना काही करताच येत नव्हतं असं नाही. तरी एवढ्या खिंडींवरून फरसबंदी केलेला, बोगदा पाडलेला देखणा रस्ता नेला. माचू पिचू हे पंधराव्या शतकात पाचाकुती या सम्राटासाठी बांधलेलं राजघराण्याचं ठिकाण होतं, बाजारपेठ नव्हे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की ही वाट माल न्यायला नव्हतीच, ती पोचण्याच्या विधीचाच भाग होती, साल्कांताय हा बर्फाचा डोंगर आणि आजूबाजूचे आपु नजरेसमोर ठेवत, मधल्या ठाण्यांवर थांबत, कुंडांवर पाण्याचे विधी करत जायचं. मला हे पटतं, पुस्तकातून नाही, पायांतून. कारण अवशेष वाटेत आडवे येत नाहीत, ते नेमके अशा जागी येतात जिथे नवीन दरी उघडते किंवा नवीन बर्फाचं शिखर पुढ्यात येतं. लगेच मनात वारी येते, एसटी असून पंढरपूरला चालत जाणारे. पण तुलना तिथेच सोडावी लागते, वारी सगळ्यांची, आणि इंकांच्या रस्त्यावर सामान्य माणसाला राज्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नव्हता. नाके, परवानगी, वाहून नेणारे वेगळे आणि मिरवणारे वेगळे. बघायला गेलं तर आताही फार काही बदललेलं नाही, आपल्या हातात पासपोर्ट आहे एवढंच.

तिसऱ्या दिवसाचा शेवट हजारभर मीटर उताराने होतो आणि विन्याय वाय्ना येतं. नावाचा अर्थ सदा तरुण, तिथल्या एका ऑर्किडचंही नाव तेच. बशीसारखा आत वळलेला डोंगर, त्यावर खालपासून वरपर्यंत शेतीच्या गच्च्या, आणि वरच्या घरांपासून खालच्या घरांपर्यंत पाण्याच्या धारांची रांग. माचू पिचूपेक्षा मला हे जास्त आवडलं, कारण संध्याकाळी पाच वाजता तिथे आम्ही सहा माणसं आणि दोन लामा, एवढेच होतो. या गच्च्या म्हणजे नुसती मातीची पायरी नव्हे, तळाला मोठे दगड, मग खडी, मग वाळू, वर सुपीक माती, त्यामुळे पाणी साचून भिंत फुगत नाही, झिरपत खाली जातं. माचू पिचूतही हीच युक्ती, बांधकामातली निम्म्याहून जास्त मेहनत जमिनीखाली गाडलेली आहे असा अंदाज आहे, आणि पाणी ७४९ मीटर लांबीच्या पाटातून नेमक्या उताराने आणून १६ कारंज्यांतून खेळवलंय. लोक मोठमोठ्या दगडांचे फोटो काढतात, गटारांकडे कोणी बघत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवतात. खरं कारण रोमँटिक नाही, पोर्टरना खालची पहाटेची ट्रेन पकडायची असते म्हणून तंबू लवकर काढावे लागतात. मग चेकपोस्टसमोर अंधारात हेडटॉर्चची रांग, साडेपाचला गेट उघडतं, तासभर कड्याच्या कडेने, शेवटी हाताने धरून चढायच्या उभ्या पायऱ्या, आणि इंती पुंकू, सूर्याचं दार. इथून खाली माचू पिचू पहिल्यांदा दिसतं. आम्हाला दिसलं नाही. पांढरं, फक्त पांढरं. वीस मिनिटं बसलो, कोणीतरी चिक्की काढली, मॅरेथॉनवाला झोपला, आणि मग ढगाला खालून कोणी ओढल्यासारखं एक भोक पडलं, त्यात हिरव्या गच्च्यांचा एक कोपरा, एक छप्पर नसलेलं घर, परत बंद. पूर्ण दिसलं ते नंतर अर्ध्या वाटेवर उतरल्यावर. तोपर्यंत ट्रेनने आलेली, अंघोळ केलेली, परफ्यूम लावलेली माणसं वर यायला लागली होती आणि त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यावरून आम्हाला वास कसला येत असावा ते कळलं.

ज्यांना चार दिवस जमत नाहीत त्यांनी किलोमीटर १०४ वरून दोन दिवसांचा छोटा ट्रेल करावा, विन्याय वाय्ना आणि इंती पुंकू त्यात येतात, खिंड येत नाही. परमिट संपलं असेल तर साल्कांताय ट्रेक आहे, त्याला ट्रेलचं परमिट लागत नाही, पण खिंड ४,६०० मीटरच्या वर आणि अवशेष वाटेत अगदी कमी, निसर्ग मात्र तोडीस तोड. काठ्या न्या, उतारासाठी, खाली रबरी टोपण हवंच कारण लोखंडी टोकाने जुने दगड झिजतात. पोर्टरांच्या टिपसाठी सुटे सोल, म्हणजे पेरूचे पैसे, वेगळे काढून ठेवा. सुल्पायकी म्हणजे केचुआत थँक्यू, एवढा एक शब्द पाठ करा, चेहरे बदलतात.

संध्याकाळच्या ट्रेनने परत निघालो. डावी-उजवीकडे तेच कडे, खाली तीच नदी. मी किलोमीटर ८२ ची पाटी बघायची म्हणून खिडकीला नाक लावून बसले होते. तासाभरात ती आली, झुलता पूल, वजनकाट्याची शेड, दोन सेकंद, गेली. मागे वळून सगळ्यांना दाखवायला गेले तर अख्खा ग्रुप तोंड उघडं टाकून झोपलेला.